न ऐकणारा आणि न कळणारा

"आपल्याकडच्या पोलिसांच्या हातातली लाठी काढून घ्या आणि त्यांना टेसर द्या." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत ऐकलंय, मुलांच्या क्रिकेटच्या वेळी मैदानाच्या कडेला ऐकलंय, आणि भारतातल्या कुठल्या तरी लाठीमाराची चित्रफीत फोनवर येऊन धडकली की तिच्याखाली हमखास वाचलंय. बोलणारे बहुतेक माझ्यासारखेच: इथे येऊन दहा-पंधरा वर्षं झालेले, शिकलेले, कोणाचं वाईट न चिंतणारे. त्यांचं म्हणणं असं, की अमेरिकेतला पोलीस बघा, कमरेला ते पिवळं यंत्र असतं, पाच सेकंदांचा झटका दिला की माणूस शांत. ना रक्त, ना मोडलेलं हाड. आपल्याकडे मात्र अजून इंग्रजांच्या काळातली काठी!

मंडळी, माझं याला उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते जरा सविस्तर द्यायचं आहे. माझा प्रबंध उच्च व्होल्टेजच्या पल्सेसवर होता आणि पोटापाण्याचा धंदाही त्याच गल्लीतला. तेव्हा निदान यंत्राबद्दल तरी मी अंधारात तीर मारत नाही.

आधी यंत्राचं जे श्रेय आहे ते देऊन टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला यंत्रविरोधी म्हणायला नको. २००९ साली अमेरिकेतल्या १२ पोलीस दलांतल्या, बळाचा वापर झालेल्या २४,००० हून अधिक प्रसंगांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हातघाईपेक्षा मिरीचा फवारा किंवा टेसर वापरला तिथे संशयितांना होणाऱ्या इजा कमी, असा त्याचा निष्कर्ष. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेनेही २०११ मध्ये सांगितलं की निरोगी प्रौढ माणसाला टेसरमुळे मोठा धोका असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. हे खरं आहे आणि मला मान्य आहे. पण 'निरोगी प्रौढ माणूस' हे शब्द जरा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता यंत्र. जॅक कव्हर नावाच्या संशोधकाने १९६९ च्या सुमारास त्यावर काम सुरू केलं आणि लहान मुलांच्या एका जुन्या साहसकथेतल्या 'टॉम स्विफ्ट' या नायकाच्या विजेच्या बंदुकीवरून त्याला नाव दिलं. त्याच्या यंत्रात बाण फेकायला बंदुकीची दारू होती, म्हणून १९७६ मध्ये सरकारने ते बंदुकांच्याच यादीत टाकलं. १९९३ मध्ये ॲरिझोनातल्या स्मिथ बंधूंनी दारूच्या जागी दाबाखालचा नायट्रोजन आणला आणि धंदा खरा चालू झाला. तीच कंपनी २०१७ पासून ॲक्सॉन या नावाने ओळखली जाते.

जाहिरातीत आकडा असायचा ५०,००० व्होल्ट. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. अहो, हिवाळ्यात गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की जी ठिणगी उडते तीसुद्धा काही हजार व्होल्टची असते. उलट घरातल्या २३० व्होल्टच्या बटणाने माणूस जातो. नुसत्या व्होल्टवरून काही कळत नाही; किती करंट, किती वेळ आणि शरीराच्या कुठल्या वाटेने, हे बघावं लागतं. ते ५०,००० व्होल्ट कपड्यातली हवेची फट ओलांडण्यापुरते. शरीराला भिडल्यावर एक्स-२६ या गाजलेल्या मॉडेलमध्ये साधारण १,२०० व्होल्ट उरत, सेकंदाला एकोणीस पल्सेस आणि सरासरी करंट दोन मिलीॲम्पियरच्या आसपास. एवढ्या आखूड पल्सेस स्नायूंकडे जाणाऱ्या नसांना चाळवतात, हृदयाला सहसा नाही. इंजिनिअरिंग म्हणून हुशारीचं काम आहे, यात वाद नाही.

पण आता भूमिती बघा, कारण विकणारा ती सांगत नाही. स्नायू खरोखर आखडायचे तर दोन बाणांमधलं अंतर साधारण फूटभर हवं. जुन्या काडतुसांत खालचा बाण वरच्यापेक्षा आठ अंश तिरका सुटतो. शाळेतली त्रिकोणमिती लावा: फूटभर अंतर पडायला सात फूट लांबून मारावं लागतं. तीन फुटांवरून मारला तर बाण पाच इंचांवर, म्हणजे दुखतं भरपूर पण माणूस आखडत नाही. फार लांबून मारला तर एक बाण चुकतो. जाड जॅकेट असेल तर दोन्ही बाण कापडातच लटकतात. आणि झटापट तर होते हाताच्या अंतरावर! कंपनीने २०१८ च्या मॉडेलमध्ये जवळच्या अंतरासाठी बारा अंशांचं वेगळं काडतूस दिलं, आणि २०२३ च्या मॉडेलमध्ये तर बाण एकेक करून मारायची सोय केली. दुखणं असल्याशिवाय कोणी औषध काढत नाही. पत्रकारांनी तपासलं तेव्हा लॉस एंजेलिसच्या पोलिसांच्या स्वतःच्या नोंदींत यश निम्म्याहून थोडंच जास्त निघालं. २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत अमेरिकेत २५० हून अधिक प्रसंग असे सापडले, जिथे टेसर चालला नाही आणि शेवटी पोलिसांनी गोळी घालून माणूस मारला. माझ्या प्रयोगशाळेत असला सुरक्षा-स्विच कोणी आणला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन.

आता 'जीव जात नाही' या दाव्याकडे वळू. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये टेसरच्या वापरानंतर झालेले हजारहून अधिक मृत्यू शोधून काढले. त्यातल्या दीडशेहून अधिक प्रकरणांत शवविच्छेदनाने टेसरला मृत्यूचं कारण किंवा कारणांपैकी एक ठरवलं होतं. हजारच्या हजार माणसं विजेने मेली असं मी म्हणत नाही. त्यात अमली पदार्थ होते, आजारी हृदयं होती, पोलिसांच्या गुडघ्याखालच्या छात्या होत्या. पण रस्त्यावर पोलिसाला भेटणारा माणूस 'निरोगी प्रौढ' असल्याचं प्रमाणपत्र खिशात घेऊन फिरत नाही. खुद्द कंपनीने २००९ मध्ये छातीवर नेम धरायचं टाळा अशी सूचना काढली. शिवाय ज्याचे स्नायू आखडलेत त्याला पडताना हात पुढे करता येत नाही. ओंडक्यासारखा डोक्यावर आपटतो. हे मृत्यू विजेच्या खात्यात जमा होतात की फरशीच्या?

खातं बदलायची आणखी एक युक्ती होती. 'एक्सायटेड डिलिरियम' नावाचा एक आजार वर्षानुवर्षं मृत्यूच्या दाखल्यांवर झळकत होता. हा आजार गंमतशीर: बहुतेक वेळा पोलिसांच्या ताब्यात असतानाच व्हायचा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या शवचिकित्सकांच्या राष्ट्रीय संघटनेने तो नाकारला, तातडीच्या सेवेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने आपला २००९ चा निबंध मागे घेतला, आणि कॅलिफोर्नियाने मृत्यूचं कारण म्हणून तो लिहायलाच बंदी केली. म्हणजे यंत्राच्या बचावाची एक अख्खी भिंत कागदाची होती.

पण हे सगळं बाजूला ठेवा. समजा उद्या मी किंवा माझ्यासारख्या कोणी शंभर टक्के बिनधोक, कधी न चुकणारं यंत्र बनवलं. तरी माझं उत्तर 'नाही'च राहील, आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे.

टेसर विकला जातो तो बंदुकीला पर्याय म्हणून. प्रत्यक्षात पुष्कळदा तो पर्याय होतो बोलण्याला.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियात एका २१ वर्षांच्या मुलाला सीट बेल्ट लावला नाही म्हणून पोलिसाने थांबवलं. तो गाडीतून उतरला, स्वतःवरच चिडून बडबडत, अंगावर फक्त चड्डी आणि बूट, पोलिसापासून वीसेक फुटांवर. झटका बसला, तोंडावर पडला, चार दात तुटले. अपील न्यायालयाने हा बळाचा अतिरेक ठरवला, पण तेव्हा कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता म्हणून पोलीस सुटला. मला सांगा, कमरेला ते यंत्र नसतं तर सीट बेल्टसाठी त्या पोलिसाने पिस्तूल झाडलं असतं का? नक्कीच नाही. तो दोन मिनिटं थांबला असता, 'बाबा रे, गाडीत बस' म्हणाला असता. तिथे टेसरने गोळी वाचवली नाही, दोन मिनिटं वाचवली.

२००७ च्या ऑक्टोबरात रॉबर्ट जेकान्स्की हा पोलिश माणूस आईकडे कायमचा राहायला म्हणून कॅनडात व्हँकुव्हरच्या विमानतळावर उतरला. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. सुमारे दहा तास तो आतल्या भागात भरकटत राहिला. आई बाहेर थांबून थांबून, तो इथे नाही असं कळल्यावर घरी गेली. शेवटी बिथरून त्याने सामान फेकलं. चार पोलीस आले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पहिला झटका दिला. एकूण पाच वेळा यंत्र चालवलं. तो तिथेच गेला. हातात काय होतं? स्टेपलर. चौकशी करणारे माजी न्यायमूर्ती ब्रेडवुड यांनी २०१० च्या अहवालात टेसरचा वापर असमर्थनीय ठरवला. चार धडधाकट पोलीस, एक घाबरलेला माणूस आणि एक स्टेपलर! दुभाषा शोधायला किती वेळ लागला असता?

२०२३ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियात कूमा गावच्या वृद्धाश्रमात क्लेअर नोलँड या ९५ वर्षांच्या, स्मृतिभ्रंशाची लक्षणं असलेल्या आजी वॉकर धरून चालत होत्या, हातात जेवणाच्या टेबलावरची सुरी. वजन पन्नास किलोसुद्धा नाही. पोलिसाने सुरी टाकायला सांगितलं, त्यांनी टाकली नाही, त्याने टेसर झाडला. त्या पडल्या, डोक्याला मार लागला आणि आठवड्याभरात गेल्या. २०२४ मध्ये तो पोलीस सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. २०२५ मध्ये शिक्षा सुनावली गेली, पण तुरुंगवास झाला नाही. आपल्याकडे आजीच्या हातातली सुरी कशी काढून घेतात हे घरातल्या आठ वर्षांच्या नातवालाही माहीत असतं.

या प्रसंगांत एक धागा आहे. हे यंत्र न ऐकणाऱ्या माणसासाठी बनवलंय. पण वीस फुटांवरून न ऐकणारा आणि न कळणारा सारखेच दिसतात. बहिरा माणूस, साखर उतरलेला मधुमेही, स्मृतिभ्रंश झालेली आजी, मनाचा आजार असलेला मुलगा आणि इंग्रजी न येणारा पाहुणा, हे सगळे हुकूम 'मोडतात'. त्यांच्यात आणि गुंडात फरक करायला वेळ लागतो, आणि हे यंत्र नेमका तोच वेळ खातं.

आणि इथे मी आपल्या मंडळींना जरा आरशापुढे उभं करणार आहे. आपले आईबाबा सहा महिन्यांसाठी इथे येतात. नातवंडांना सांभाळतात, आणि संध्याकाळी शर्टावर स्वेटर आणि डोक्याला कानटोपी घालून कॉलनीत फिरायला निघतात. कुतूहलाने लोकांच्या घरांकडे बघतात. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून नातवासाठी आलेले ५७ वर्षांचे सुरेशभाई पटेल असेच फिरायला निघाले. शेजाऱ्याने संशयाने पोलिसांना फोन केला. त्यांनी 'नो इंग्लिश' सांगितलं, 'इंडिया' सांगितलं. काही वेळात पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा झाली, अंग लुळं पडलं. दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि पुढे न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडलं. तिथे टेसर नव्हता, नुसते हात होते, हे मला माहीत आहे. 'मग टेसर असता तर बरं झालं असतं' असं म्हणणारेही मला भेटलेत! अहो, प्रश्न आपटायचं कशाने हा नव्हताच. फिरायला निघालेल्या आजोबांना हात तरी का लावायचा, हा होता. हत्यार बदलून त्याचं उत्तर मिळत नाही.

यावर प्रतिवाद येतो की शस्त्र नुसतं दिसलं तरी समोरचा नरमतो. लंडनच्या सिटी भागातल्या पोलिसांवर केंब्रिजच्या संशोधकांनी प्रयोग केला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पाळ्यांमध्ये अधिकाऱ्यांकडे टेसर, काहींमध्ये नाही. प्रत्यक्ष टेसर झाडायची वेळ फार क्वचित आली. तरीही टेसरवाल्या पाळ्यांत एकूण बळाचा वापर ४८ टक्क्यांनी जास्त निघाला आणि पोलिसांवरचे हल्लेही वाढले. एक प्रयोग म्हणजे वेदवाक्य नव्हे. पण 'दिसलं की नरमतो' हे गृहीत धरायची सोय त्याने निश्चितच काढून घेतली.

आता भारत. लाठी काही साधुसंत नाही. ३० ऑक्टोबर १९२८ ला लाहोरला सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात लाला लजपतराय यांच्यावर लाठ्या पडल्या आणि १७ नोव्हेंबरला ते गेले. 'जीव न घेणारं हत्यार' हा शब्दप्रयोग किती पोकळ असतो हे आपल्या इतिहासाइतकं कोणी जाणत नाही. तेव्हा लाठीची वकिली मी करत नाहीये. पण लाठीत एक गोष्ट आहे जी या विजेच्या यंत्रात नाही. लाठीचा वळ उठतो. तो दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्याला दाखवता येतो, डॉक्टरला लिहिता येतो, फोटोत येतो.

टेसर बाण न मारता नुसता अंगाला टेकवूनही चालवता येतो. त्याने माणूस आखडत नाही, फक्त वेदना होतात. म्हणजे त्याचा उपयोग एकच, वेदना देऊन कबूल करून घेणं. मागे राहतात दोन बारीक लाल ठिपके, डास चावल्यासारखे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पोलीसप्रमुखांच्या संशोधन संस्थेने न्याय खात्याच्या जोडीने काढलेल्या सूचनांतही या वापराला आवर घाला असं म्हटलंय. दारियस रेजाली या अभ्यासकाने २००७ च्या ग्रंथात दाखवलं की जिथे देखरेख वाढते तिथे छळ बंद होतोच असं नाही, तो खूण न ठेवणारा होतो. विजेचा झटका त्यातलाच. आता हे यंत्र आपल्या एखाद्या चौकीच्या मागच्या खोलीत, रात्री दोन वाजता कल्पून बघा. २०२० च्या जूनमध्ये तमिळनाडूतल्या सातानकुळमला जयराज आणि बेनिक्स हे बापलेक कोठडीतल्या मारहाणीनंतर गेले. देश हादरला तो त्यांच्या अंगावरच्या जखमांमुळे. जखमाच नसत्या तर? भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. आधी ते सगळे चालू राहू द्यात, मग खरेदीच्या निविदा काढा.

'मग आमच्या बायका-मुलींनी काय करायचं?' हा प्रश्न रास्त आहे, आणि इथे माझं उत्तर वेगळं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये बेघर असलेल्या हाइमी कॅटानो या बाईने मारहाण करणाऱ्या जुन्या जोडीदारापासून बचावासाठी विजेचं यंत्र जवळ ठेवलं. एका रात्री तो वाट अडवून उभा राहिला, तिने ते नुसतं दाखवलं, तो निघून गेला. पुढे तेच यंत्र पोलिसांना सापडलं आणि ते जवळ बाळगल्याबद्दल ती दोषी ठरली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने राज्याच्या न्यायालयाचा निकाल रद्द केला. मी पूर्णपणे त्या बाईच्या बाजूने आहे. यात विसंगती नाही. तिच्यामागे ना फौज होती, ना कायद्याचं कवच. तिला दुसरा मार्गच नव्हता. वर्दीवाल्याला मार्ग असतात, साथीदार असतात, वेळ असतो. दुबळ्याच्या हातातलं शेवटचं साधन सबळाच्या हातात पहिलं साधन होतं, माझी तक्रार एवढीच.

पण तिथेही विकणाऱ्यांपासून सावध. किल्लीच्या जुडग्याला लावायच्या खेळण्यावर '५० लाख व्होल्ट' छापलेलं असतं. कोरड्या हवेत एक सेंटीमीटरची फट ओलांडायला साधारण तीस हजार व्होल्ट लागतात. दोन टोकांत चार सेंटीमीटर अंतर असलेल्या यंत्रात लाख-सव्वा लाखाच्या वर व्होल्टेज चढूच शकत नाही, आधीच ठिणगी पडते. उरलेले पावणेएकोणपन्नास लाख व्होल्ट छापखान्यातले. त्यापेक्षा मिरचीच्या अर्काचा फवारा बरा, कारण त्याला पाच-सात फूट अंतर राखता येतं. पण त्याचा दाब कालांतराने उतरतो, तारीख बघा. वारा उलटा असेल तर आपल्याच डोळ्यांत येतो. १३ फेब्रुवारी २०१४ ला लोकसभेत एका खासदाराने तो मारला तेव्हा बंद सभागृहात खोकण्यात पक्षभेद उरला नाही. आणि मुंबईहून लंडनला शिकायला जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत आईने काळजीने घातलेला फवारा ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याप्रमाणे निषिद्ध शस्त्र आहे. हे आईला कुणीतरी सांगायला हवं.

असो. टेसर भारतात कधीच नको असं माझं म्हणणं नाही; सुरा घेऊन धावणाऱ्यासमोर मीही गोळीपेक्षा तोच पसंत करीन. पण माझ्या अटी आहेत. त्या यंत्रात प्रत्येक वेळी घोडा दाबल्याची वेळेसकट नोंद होते, ही त्यातली सर्वांत उत्तम सोय. ती नोंद पोलिसांच्या बाहेरच्या कोणीतरी दर महिन्याला वाचावी. टेकवून झटका द्यायची सोय यंत्रातून काढूनच टाकावी. हातकडी घातलेल्यावर, वृद्धावर, मुलावर आणि पळणाऱ्यावर वापर म्हणजे गुन्हा, असं कायद्यात लिहावं. आणि यंत्राच्या प्रशिक्षणाला जितके तास, त्याच्या दुप्पट तास समोरच्याशी बोलण्याच्या प्रशिक्षणाला. हे महाग पडेल, वेळ लागेल, आणि कुठलीही कंपनी याचं प्रात्यक्षिक द्यायला येणार नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

या अटी मान्य असतील तर पुढच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत आपण जरूर बोलू. नसतील, तर निदान लाठी काढून विजेचं यंत्र देण्याला सुधारणा म्हणू नका. तो फक्त वळ पुसण्याचा खर्च आहे.